मेंढ्याचा बांबू

2009 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्याशा गोंड गावाला 1,809 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. कागद पक्का होता, सह्या-शिक्क्यांचा होता आणि देशात अशा प्रकारचा पहिलाच होता. त्याच सुमारास जिल्ह्यातल्याच मर्दा गावालाही असा कागद मिळाला. जंगलात बांबू उभा होता, घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं, तोडायला गावातलेच हात होते. तरीही पुढची जवळजवळ दोन वर्षं मेंढ्याला आपला बांबू ट्रकमध्ये भरून विकता आला नाही.

अडचण दोन ठिकाणी होती. 1927 च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, खुंट, झुडपं, वेत यांच्याबरोबर बांबूही घातलेला होता. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि लाकूड सरकारचं. उलट 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज ठरवून त्याची मालकी गावाला दिली होती. दोन्ही कायदे एकाच संसदेच्या अखत्यारीतले आणि दोन्ही लागू. वनखात्यानं त्यातला जुना धरला. दुसरी अडचण आणखी बारीक होती. वनहक्क कायद्याचे 2008 चे नियम सांगत होते, की गावकऱ्यांनी आपली वनोपज डोक्यावरून, सायकलवरून किंवा हातगाडीवरून न्यावी. मोटारगाडी वापरायची असेल तर वाहतुकीचे चालू नियम लागू. म्हणजे वाहतूक परवाना हवा. गडचिरोलीत त्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात, आणि टीपीचं पुस्तक असतं वनखात्याच्या कपाटात.

हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं जो आदिवासी होता, तो मोळीवालाच होता. जंगलाचा मालक म्हणून व्यापाऱ्याशी भाव ठरवणारा, पावती फाडणारा, आयकर भरणारा आदिवासी कुणाच्या कल्पनेतही नव्हता. मेंढा गाव मात्र वीस-बावीस वर्षं नेमकी त्याचीच तयारी करत होतं.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडं, पुढं छत्तीसगडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, धानोऱ्याच्या अलीकडं हे गाव आहे. जवळून कठाणी नदी वाहते. घरं शंभराच्या आसपास. लेखा ही गटग्रामपंचायत आणि मेंढा तिच्यातलं एक गाव, म्हणून कंसातला लेखा. भोवती सागाचं, ऐनाचं, बिजाचं, धावड्याचं पानझडी जंगल, त्यात मोह, तेंदू, चार, आवळा, बेहडा आणि सगळीकडं बांबू. हे जंगल एकेकाळी जमीनदारीत होतं. इंग्रजांनी चांदा (म्हणजे जुन्या चंद्रपूर) जिल्ह्यात खालसा जंगल आणि जमीनदारी जंगल अशी विभागणी ठेवली होती. जमीनदारी जंगलात रयतेला घराला लाकूड, जळण, कुंपणाला काटेरी फांद्या, गुरांना चराई असे हक्क होते. निस्तार म्हणतात त्याला. 1950 च्या कायद्यानं मध्य प्रांतातली जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं. निस्ताराचे हक्क तेवढे निस्तार पत्रकात नोंदून ठेवले गेले. ते पत्रक सरकारी दप्तरात पडून राहिलं आणि जंगलावर वनखात्याचे नाकेदार आले.

पुढची तीस वर्षं सांगायला फार वेळ लागणार नाही. मध्य भारतातल्या कुठल्याही आदिवासी गावाची तीच गोष्ट. काल हक्कानं आणलेलं लाकूड आज चोरीचं ठरायला लागलं, आणि ती चोरी पोटात घालण्यासाठी नाकेदाराला कोंबडी, तांदूळ, पैसे द्यायची रीत पडली. ज्या जंगलातून घरासाठी चार बांबू आणताना माणूस चोरासारखा वागत होता, त्याच जंगलात बल्लारपूरच्या कागद गिरणीचे मजूर राजरोस तोड करत होते. ही गिरणी 1945 ची. तिला कच्चा माल म्हणून चांद्याचा बांबू वर्षानुवर्षं करारानं मिळत गेला. गिरण्यांना सरकार बांबू कुठल्या दरानं द्यायचं, याची एक नोंद पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी शेजारच्या कर्नाटकातली दिलेली आहे: 1958 साली दांडेलीच्या गिरणीला टनामागं दीड रुपया. टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरडाला तोच बांबू बाजारात शेकडो पटींनी महाग पडायचा.

गाडगीळांचं उत्तर कन्नड जिल्ह्यातलं बांबूवरचं काम इथं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मेंढ्याच्या लोकांचं गिरणीशी जे भांडण होतं ते त्यातून नीट कळतं. तिथल्या बांबूच्या बेटाभोवती बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट आवरण असतं. गिरणीची माणसं तोड सोपी व्हावी म्हणून ते साफ करायची. वनखात्याचंही म्हणणं होतं, की गर्दी कमी झाली की बेट जोमानं वाढतं. गावकरी सांगत होते, उलटं होतंय, कोंब मरतायत. अभ्यासाअंती गावकरी बरोबर निघाले. पावसाळ्यात वर येणारा कोवळा कोंब गुरांना, माकडांना, साळिंदराला फार आवडतो. माणसालाही. काट्यांची ती गर्दीच त्याला वाचवत होती. विदर्भात या कोंबांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात, त्यामुळं कोंब कोण कोण खातं हे गावातल्या बाईला पुस्तक न उघडता माहीत असतं. बांबूचं असं, की कोंब जमिनीतून वर आला की एकाच पावसाळ्यात तो पूर्ण उंची गाठतो. मग पुढची दोन-तीन वर्षं आतून नुसता पक्का होत राहतो. म्हणून यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू सोडायचा, जुना काढायचा, तोही बेटाच्या मधून, आणि बुडापासून एक-दोन पेरं राखून. जमिनीलगत कापला तर बुडखा कुजतो. हे सगळं करायला वेळ लागतो, वाकावं लागतं, बेटात शिरावं लागतं. नगावर मजुरी मिळणारा बाहेरचा मजूर कडेचे कोवळे बांबू सपासप कापून पुढच्या बेटाकडं जातो. त्याचंही चुकत नाही. तो पुढच्या वर्षी इथं येणारच नसतो.

1982 साली चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणं आखली गेली होती. त्यांत आदिवासींची गावं आणि उत्तमातलं उत्तम जंगल बुडणार होतं. 1984 साली त्याविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे पुढं होते. चांद्याचे माजी खासदार, गोंड राजे लाल श्याम शाह होते. धरणं थांबली. चळवळी जिंकल्या की बहुधा पांगतात. ही पांगली, पण मागं एक गोंडी घोषणा सोडून गेली: ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य. घोषणा पुष्कळ गावांनी दिली. ती शब्दशः अमलात कशी आणायची, हा प्रश्न मेंढ्यातल्या देवाजी तोफा या तरुणाला आणि त्याच्या सोबत्यांना पडला.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात येऊ लागले. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून, छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेला हा कार्यकर्ता. विनोबांचा सर्वसहमतीचा विचार त्यांच्या डोक्यात पक्का होता आणि तो खरोखर चालवून पाहणारं गाव ते शोधत होते. मेंढ्यात त्यांनी ना शाळा काढली, ना दवाखाना, ना कुठला प्रकल्प आणला. गावात नेमानं येऊन बसायचं, बोलायचं, ऐकायचं, असं त्यांचं काम. माझ्या मते मेंढ्याच्या इतिहासातली ही सगळ्यांत कमी लेखली गेलेली गोष्ट. पैसा घेऊन आलेली संस्था असती तर गाव तिच्या तालावर नाचलं असतं.

बोलण्यातून दोन वेगवेगळ्या बैठका तयार झाल्या, आणि त्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. एक अभ्यासगट. त्यात कुणीही यावं, बाहेरच्यानंही. विषय घ्यावा, कायद्याचं कलम वाचावं, वाद घालावा. तिथं निर्णय मात्र घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभा. तिथं गावातली सगळी मोठी माणसं, बाया आणि पुरुष, आणि निर्णय सर्वांच्या संमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर. बहुमतानं काम झटपट होतं हे खरं. पण जंगलात बहुमताचा उपयोग नाही. मेंढ्याचं जंगल उघडं पडलंय, चारी दिशांनी आत शिरता येतं. शंभर घरांपैकी वीस घरं मतदानात हरली आणि रुसली, तर ती वीस घरं रात्रीतून काय करतील याला पहारा पुरा पडणार नाही.

पहिला मोठा विषय दारूचा निघाला, तो बायांनी काढला. पुरुषांची अडचण खरी होती: मोहाची दारू देवाला लागते, जन्म-मरणाच्या कार्याला लागते. बऱ्याच बैठका झाल्या. अखेर देवकार्यापुरती तेवढी ठेवून बाकी बंद करायचं ठरलं. दारूचा जंगलाशी काय संबंध, असं शहरी वाचकाला वाटेल. संबंध असा, की नवऱ्याबायकोत वर्षानुवर्षं कुजत पडलेला एक तंटा गावानं सरकारला, पोलिसाला, पुढाऱ्याला न बोलावता सोडवला. त्यानंतर इतर प्रश्नांना हात घालायला धीर आला.

मग गोटुल. गोंड गावात तरुण पोरापोरींच्या एकत्र येण्याची, शिकण्याची, नाचगाण्याची जागा म्हणजे गोटुल. मेंढ्यातली ती मोडकळीला आली होती, प्रथाच विरत चालली होती. गावानं नवं गोटुल बांधायचं ठरवलं आणि रिवाजाप्रमाणं जंगलातून सागाची लाकडं आणली. वनखात्याच्या लेखी ती चोरीची. खात्यानं गोटुल पाडलं, लाकूड उचलून नेलं. गावानं दगड उचलले नाहीत. शेजारपाजारच्या बत्तीस गावांची सभा बोलावली, आणि पाठोपाठ बारा गावांत तशीच गोटुलं उभी राहिली, तशाच सागाची. आता खातं पाडून पाडून किती पाडणार? मेंढ्याचं गोटुलही पुन्हा बांधलं गेलं. कायदा बदलला नव्हता, पण जंगलवाला आणि गावकरी यांच्यातला तोल त्या दिवसांत बदलला. 2006 च्या कायद्याचं महत्त्व मला मान्य आहे. तरी हा प्रसंग झाला नसता तर तो कायदा मेंढ्याच्या हाती लागून उपयोग नव्हता, असं मला वाटतं.

अभ्यासगटात एक दिवस निस्ताराचा विषय निघाला. आपले जुने हक्क म्हातारी माणसं सांगत होती, पण लिहिलेलं कुठं आहे? शोधाशोध करून निस्तार पत्रक मिळवलं गेलं. जे वनखात्याला द्यायचं नव्हतं ते महसूल खात्याच्या कागदात लिहून ठेवलेलं होतं. लाच बंद करण्याचा निर्णय याच आधारावर झाला. लाकूड हक्काचं आहे तर कोंबडी कशाची? हा हक्क कळल्यावर गावानं स्वतःवर आणखी नियम घातले, ते वाचण्यासारखे आहेत. जंगलाला आग लावायची नाही. फळझाडं तोडायची नाहीत. शेतीसाठी नवं अतिक्रमण करायचं नाही. नदीत विष टाकून मासे मारायचे नाहीत. पाळीपाळीनं जंगलात फिरायचं. गावाला न विचारता बाहेरच्या कुणी, अगदी सरकारनंही, जंगलात काम काढायचं नाही.

आगीचा नियम पाळणं सगळ्यांत अवघड. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पांढरट पिवळी फुलं वाळक्या पाचोळ्यात पडली की वेचता येत नाहीत, म्हणून पहाटे झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करायची सवय असते. ती आग वाऱ्यानं सुटली की डोंगर जळतो. तेंदूपत्त्याचे ठेकेदारही नवी कोवळी पानं लवकर यावीत म्हणून जंगल पेटवायला लावतात. झाडाखालची जागा झाडून घेता येते. फक्त एक तास जास्त लागतो. प्रत्येक घराचा तो जास्तीचा तास म्हणजेच मेंढ्याचं वनसंरक्षण. मधाचंही असंच. आग्या मोहोळ जाळून मध काढायची रीत सोडून, मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग माश्यांना ठेवायची पद्धत गावातल्या तरुणांनी शिकून घेतली. तेच पोळं पुन्हा भरतं.

गिरणीच्या बांबूतोडीला गावाचा विरोध सुरू झाला तो याच काळात. तोडीची पद्धत चुकीची, मजुरी बाहेरच्यांना आणि फायदा दुसऱ्यांचा, असे तिन्ही मुद्दे होते. गावानं आपल्या हद्दीत तोड होऊ दिली नाही.

1992 मध्ये महाराष्ट्र सरकारनं संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला. गावानं जंगल राखायचं, उत्पन्नात हिस्सा घ्यायचा. ही योजना मात्र उजाड जंगलांपुरती. मेंढ्याचं जंगल चांगलं होतं, त्यामुळं गाव अपात्र. ज्यांनी जंगल जाळलं-तोडलं त्यांना भागीदारी, ज्यांनी राखलं त्यांना नकार: सरकारी योजनांचा हा विनोद नवा नाही. गाव अडून बसलं, पत्रव्यवहार केला, आणि शेवटी चांगल्या जंगलासह योजनेत शिरलं. त्यातून रोजगार आला. खात्याचे अधिकारी ग्रामसभेत येऊन बसू लागले. वनखात्यात सगळेच खलनायक नव्हते हेही इथं नोंदवलं पाहिजे. गावाच्या रीतीनं वागणारे अधिकारी या काळात भेटले म्हणून पुढचं सोपं झालं. कामातून मिळणाऱ्या मजुरीचा ठरलेला वाटा लोक ग्रामकोषात टाकू लागले. वही, पावती, बँकेचं खातं, सभेचं इतिवृत्त यांची सवय लागली.

1996 मध्ये पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला त्यानं मोठे अधिकार दिले आणि महाराष्ट्रानं त्याचे नियम करायला 2014 उजाडवलं. मध्यंतरी 2006 चा वनहक्क कायदा संसदेत मंजूर झाला, 2008 पासून अमलात आला. वैयक्तिक पट्ट्यांसाठी देशभर अर्जांचा पाऊस पडला. गावानं मिळून अख्ख्या जंगलाचा दावा करायचा आणि ते राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क मागायचा, ही तरतूदही त्यात आहे याकडं फार थोड्यांचं लक्ष गेलं. मेंढ्यात अभ्यासगट होता. कलमं वाचली गेली होती, निस्तार पत्रक हाताशी होतं, हद्दी म्हाताऱ्यांना पाठ होत्या आणि वर्षानुवर्षांची इतिवृत्तं कपाटात होती. दावा तयार करायला गावाला वकील लागला नाही.

2009 मध्ये तो मंजूर झाला, आणि इथून पुढं टीपीचं नाटक सुरू झालं.

ग्रामसभेनं ठराव करून बांबू विकायला काढला. ज्यांनी विकत घेतला त्यांनी तो नेण्यासाठी खात्याकडं परवाना मागितला. खात्यानं नकार दिला. बांबू झाड आहे, झाड सरकारचं आहे, गावाला विकायचा हक्कच नाही तर आम्ही परवाना कशाचा द्यायचा? गाव म्हणे, विकायचा हक्क वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे. खातं म्हणे, व्याख्या 1927 च्या कायद्यात आहे. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर बांबू गवताच्या कुळातला, यात शंका नाही. पण इथं वनस्पतिशास्त्राला कुणी विचारत नव्हतं. खात्याची भीती वेगळी होती, आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. परवाना गावाच्या हाती गेला तर चोरीचा माल गावाच्या नावावर खपेल, ठेकेदार भोळ्या आदिवासींना पुढं करून जंगल साफ करतील. मेंढ्यातल्या लोकांना हा भोळेपणाचा मुद्दा लागला असणार. जंगल त्यांनी राखलं होतं ते ठेकेदारापासूनच.

प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं, दिल्लीपर्यंत गेलं. जयराम रमेश तेव्हा केंद्रात पर्यावरण आणि वनमंत्री होते. 21 मार्च 2011 रोजी त्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवलं, की बांबू ही गौण वनोपज आहे आणि ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत तिथं परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा. महिनाभरानं, 27 एप्रिल 2011 रोजी, ते स्वतः मेंढ्यात आले. बरोबर मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. भर उन्हात मांडवाखाली वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री मिळून एका गावाला पावतीपुस्तक द्यायला येतात, यात गावाचा गौरव आहेच. पण जो कायदा तीन वर्षांपूर्वी लागू झाला होता त्याची अंमलबजावणी करायला एवढी मोठी माणसं यावी लागली, हेही त्यात आहे.

त्या पुस्तकाचं एक पान म्हणजे काय? माल कुठला, कुठून निघाला, किती नग, गाडीचा क्रमांक, कुठं जाणार, तारीख, सही. एक प्रत गाडीबरोबर, एक ग्रामसभेकडं. नाक्यावरच्या वनरक्षकाला ती पाहून गाडी सोडावी लागते. सही ग्रामसभेनं नेमलेल्या माणसाची. आजोबांच्या पिढीत ज्या गावातला माणूस नाकेदार दिसला की वाट बदलायचा, त्या गावातल्या माणसाची सही आता नाकेदार तपासत होता.

पहिल्या मोठ्या तोडीतून ग्रामसभेच्या खात्यात जमलेली रक्कम कोटीच्या घरात गेली. गावातल्याच माणसांना मजुरी मिळाली, आणि नेहमीपेक्षा चांगली. ग्रामसभेनं आयकर खात्याचा पॅन क्रमांक काढला. कोवळा बांबू किती राखायचा, कुठला भाग यंदा तोडायचा, कुठला विश्रांतीला ठेवायचा, हे गावानं ठरवलं. सप्टेंबर 2012 मध्ये केंद्रानं वनहक्काचे नियमच बदलले. डोक्यावरचं ओझं, सायकल आणि हातगाडी हा उल्लेख मागं पडला, योग्य त्या वाहनानं वाहतूक करण्याची मोकळीक आली आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडं आला. मेंढ्यानं भांडून मिळवलेली गोष्ट देशातल्या सगळ्या वनहक्कधारक गावांना नियमानं मिळाली. 1927 च्या कायद्यातली ‘झाडा’ची व्याख्या बदलायला मात्र आणखी पाच वर्षं गेली, आणि 2017 च्या त्या दुरुस्तीतही सूट मिळाली ती जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला.

मेंढ्यानं 2013 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं, जे मला बांबूपेक्षाही धाडसाचं वाटतं. महाराष्ट्र ग्रामदान कायदा 1964 सालचा. विनोबांच्या चळवळीची ती खूण बहुतेक सगळे विसरले होते. मेंढ्यातल्या सर्व शेतकऱ्यांनी आपल्या शेतजमिनींची मालकी त्या कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. कसायची ज्याची त्यानं, पण बाहेरच्याला विकता येणार नाही. यामागं हिशेब सरळ होता: जंगल गावाचं आणि शेत एकट्याचं राहिलं, तर आजारपणात, लग्नात, कर्जात शेत सावकाराकडं जाणार आणि पाठोपाठ गावात परका मालक येणार. सरकारी यंत्रणेला हा कायदा कसा राबवायचा हेच आठवेना. अधिसूचनेसाठी गावाला वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला, शेवटी उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं.

मेंढ्यावर मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिलं, मोहनभाऊंना 2016 चा जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, गावात पाहुण्यांची रीघ लागली. पुण्या-मुंबईहून, परदेशांतून माणसं येऊ लागली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही गावाची घोषणा भाषणांतून फिरू लागली. एखादं गाव आदर्श ठरलं, की बाकीच्यांना सुटका मिळते: तिथं मोहनभाऊ होते, तिथं देवाजी होते, आमच्याकडं कुठं? म्हणून मेंढ्यापेक्षा इतर गावांकडं पाहणं जास्त उपयोगाचं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. बांबू विकून ते गावही स्थिरावलं, मजुरीसाठी बाहेरगावी जाणं घटलं. पण पाचगावनं एक निर्णय असा घेतला की अर्थशास्त्रज्ञ चक्रावतील. त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. उन्हाळ्यात आदिवासी घरात रोख पैसा आणणारी ही सगळ्यांत मोठी वनोपज. पण पत्त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आग लावली जाते, झाडाला फळ धरत नाही. तेंदूचं फळ माणसंही खातात, पाखरंही खातात. पानापेक्षा फळ राखू, असं गावानं ठरवलं. बांबूचा आधार होता म्हणून हे परवडलं, हे खरं. शिवाय जंगलातला एक भाग देवराई म्हणून गावानं पूर्ण सोडून दिला. तिथं कुऱ्हाड न्यायची नाही.

गडचिरोलीच्या उत्तरेला कोरची तालुक्यात नेमकं उलटं घडलं. तिथल्या ग्रामसभांनी तेंदूवरच संघटना उभी केली. एकेकट्या गावाला ठेकेदार गुंडाळतो म्हणून नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आणि लिलाव एकत्र केला. पहिली वर्षं भरभराटीची गेली. 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेंदूवर 18 टक्के बसला, पुढच्या हंगामात भाव कोसळले आणि ठेकेदारांनी पाठ फिरवली. जंगल ताब्यात आलं तरी बाजार ताब्यात येत नाही, हे पुष्कळ गावांना त्या उन्हाळ्यात कळलं.

आज गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून जास्त गावांकडं सामूहिक वनहक्क आहेत, चार लाख हेक्टरांहून अधिक जंगलावर. एवढं देशातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात क्वचितच असेल. यातल्या सगळ्याच गावांत अभ्यासगट नाहीत. काही ठिकाणी ग्रामसभा म्हणजे चार पुढारी आणि एक कोरा ठराव. काही ठिकाणी ठेकेदारानं थकवलेले पैसे वसूल करता करता गाव थकलं. ज्या डोंगरांत लोहखनिज आहे तिथं हक्काच्या कागदाला किती किंमत आहे, याची परीक्षा वेगळीच चालू आहे. वनखात्याची कार्य आयोजना अजून तिची तिची दहा-दहा वर्षांसाठी बनते, त्याच जंगलासाठी गावाचा व्यवस्थापन आराखडा वेगळा बनतो. 2012 च्या नियमांनी गावाचा आराखडा खात्याच्या आयोजनेत सामावून घ्यायला सांगितलं आहे. तरी जंगलाच्या एकाच कक्षात खात्याच्या कागदावर तोडीचं वर्ष असतं आणि ग्रामसभेच्या कागदावर विश्रांतीचं. अशा वेळी कुणाचा कागद चालायचा, हा वाद आता टीपीच्या जागी आला आहे, आणि तो गावागावात वेगळा सुटतो आहे.